धुऱ्याची माती

गोपिका पिठाच्या चाळणीनं माती चाळत बसली होती आणि तिचा नवरा चंपतराव तिला खडे वेचून देत होता. खापरडोह गावात असलं काम कोणी केलं नव्हतं. पण ही माती नागपूरला जाणार होती, सरकारी प्रयोगशाळेत, आणि त्यांच्या सहा एकराचं काय व्हायचं ते तिच्यावर ठरणार होतं.

कालवा गावात येऊन सात वर्षं झाली होती. पहिली दोन वर्षं गहू छातीला लागला. मग काय, पाणी हातात आल्यावर थांबतो कोण? चंपतरावानं वाफे असे तुडुंब भरले की बगळे मुक्कामाला आले. खताचं एक पोतं टाका म्हणून सांगितलं, तिथं यानं दोन रिकामी केली. तिसऱ्या वर्षी काळी माती ओली राहू लागली ती राहिलीच. उन्हाळ्यात तिच्यावर पांढरी खपली धरली. गहू उगवायचा तोच पिवळा, म्हाताऱ्यासारखा. नांगर घातला तर फाळाला लोदा चिकटून यायचा.

इलाज एकच होता. शेतातून चर खोदून साचलेलं पाणी खालच्या नाल्यात काढायचं. चर सरकार खोदून देणार होतं, पण जमीन खारावली असा कागद आधी पाहिजे. ग्रामसेवक वामनरावांनी कापडी पिशवी दिली, शेतात आठ ठिकाणी वीतभर खोल खणून माती एकत्र करा म्हणाले. चंपतरावानं मान डोलावली.

शेतात पहिला खड्डा खणला आणि गोपिकेनं नाकाला पदर लावला.

"हे पाठवता नागपूरले?" ती म्हणाली. "पांढरी फटक, वास मारून राह्यली. साहेब लोक काय म्हणतीन? या घरात मातीकडे कोणी पाह्यत नाई म्हणतीन."

चंपतरावाला ते लागलं. पाहुणे पोरगी पाहायला येतात तेव्हा तिला तापात, फाटक्या लुगड्यात कोणी समोर बसवतं काय? तो उठला आणि धुऱ्यावर गेला. या उंच बांधावर कालव्याचं पाणी कधी चढलं नव्हतं. बोरीखाली वर्षानुवर्षं पाला कुजून माती लोण्यासारखी झाली होती. ती त्यानं टोपलंभर आणली, वर ओंजळभर जुनं शेणखत टाकलं, आणि गोपिकेनं चाळणी काढली.

धुतलेलं धोतर नेसून तो नागपूरला गेला. पिशवी मांडीवर. तिथं महाल भागात बहिणीकडे चहा प्याला, तेव्हासुद्धा खाली ठेवली नाही. प्रयोगशाळेत प्रमोदिनीबाई म्हणून होत्या. त्यांनी चिमूटभर माती बोटांत चोळली आणि फारच छान माती आहे हो म्हणाल्या. चंपतराव परतीच्या मोटारीत खिडकीजवळ ताठ बसून आला.

महिन्यानं कागद आला. वामनरावांनी तो पारावर वाचला. जमीन उत्कृष्ट, निचरा उत्तम, चराची गरज नाही, पाणी भरपूर द्यावे.

मग शेजारच्या वावरवाल्या नानाजीनं विडी विझवली.

"चंपत, तुयी जमीन पास झाली गा. तूच तेवढा नापास झाला."

चंपतरावानं वामनरावांना बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. वामनराव कपाळ धरून खाली बसले. त्याच शेताची दुसरी माती तीन वर्षं घेत नाहीत, असा नियम. शिवाय तालुक्यात 'उत्कृष्ट' हीच एक निघाल्यामुळं कागद वर गेला होता, आणि वरून शेतीखात्याचे मधुकरराव साहेब फलक लावायला निघाले होते.

साहेब जीपमधून आले. पांढरी पँट, काळे बूट. गाडी शेतातच घ्या म्हणाले. चंपतराव आडवा झाला, आत घालू नका, जमीन दबते म्हणून हात जोडले. साहेबांनी त्याला कागद दाखवला. निचरा उत्तम. ड्रायव्हरनं गाडी दामटली, ती वीस पावलं गेली आणि म्हशीसारखी पोटावर बसली. साहेब उतरले ते चिखलात पिंढरीपर्यंत. पाय वर आला, बूट आला नाही. शिपायानं 'आदर्श जमीन' असा फलक रोवला, तो हळूहळू वाकून सगळ्यांना नमस्कार करत आडवा झाला.

"साहेब, ते माती धुऱ्याची होती," चंपतराव म्हणाला. "मले या मातीची शरम वाटली."

एका बुटावरच्या साहेबांनी कागद पुन्हा उलगडून पाहिला. "पण कागद तर बरोबर आहे ना?"

"कागद बरोबर हाये, साहेब. शेत चुकलं."

नानाजीची आणि चंपतरावाची, दोन्ही बैलजोड्या जुंपल्या. रस्त्याकडं चढ होता, बैल गुडघ्यावर येऊ लागले. राहिला उतार, नाल्याकडचा. दुपारपासून उन्हं कलेपर्यंत त्यांनी ती जीप पोटावर ओढत नाल्याकाठच्या मुरमापर्यंत नेली. साहेब पायाला गोणपाट गुंडाळून गाडीत बसले आणि जाता जाता म्हणाले, पाणी देत चला.

चंपतराव शेतात बसून राहिला. सहा एकर तसेच, वरून जीपनं मधोमध गुडघाभर खोल घळ पाडलेली. रडायचंही त्राण नव्हतं. मग त्याला दिसलं, घळीच्या दोन्ही अंगांनी पाणी पाझरत होतं. बोटभर गढूळ धार जमली आणि वाट काढत नाल्याकडं निघाली.

गोपिका भाकर घेऊन आली, ती घळीतच उभी राहिली. वाकून तिनं धारेत बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकली.

"खारं हाये वो."

"मंग पाय काढ वं," चंपतराव म्हणाला. "जाऊन राह्यलं, तं जाऊ दे त्याले."

बैल सोडत नानाजी धुऱ्यावरून ओरडला, "कागदावर तुया शेतात चर नाई गा."

"कागदावर माया शेतात खारही नाई."

इतका खार वाहून न्यायला या बोटभर धारेला किती वर्षं लागणार, हा हिशेब चंपतरावानं केला नाही. भाकर बाजूला ठेवली, फावडं उचललं आणि दुखरी कंबर धरून घळ खोल करायला वाकला.