उपवासाच्या पिठात ज्वारी

मी बेगम बाजारातली एक जुनी पिठाची गिरणी आहे. किती जुनी ते विचारू नका. माझ्या अंगावरचा हिरवा रंग कुठे संपतो आणि पीठ कुठे सुरू होतं, हे आता मलाही सांगता येत नाही. मित्रांनो, आजवर मी दळलं आणि गप्प राहिले. आता बोलते, कारण माझ्यासमोर एका बाईचा निवाडा झाला आणि तो मला पटलेला नाही.

माझं लोखंडी अंग सिकंदराबादच्या एका कारखान्यात ओतलं. नामदेवराव नावाचे गृहस्थ उदगीरकडची शेती भावांवर सोडून या शहरात आले होते. त्यांनी मला हातगाडीवर घालून अफझलगंजवरून इथं आणलं, हळदकुंकू वाहिलं आणि पहिली ज्वारी ओतली. तेव्हापासून मी फिरतेच आहे. शेजारचा सुक्या मेव्याचा दुकानदार त्यांना चिडवायचा, "अम्मा को थोडा आराम दो, मियाँ." अम्मा म्हणजे मी.

आमच्याकडे एक रीत होती. एकादशी, शिवरात्र आली की आदल्या दिवशी माझा वरचा दगड उचलायचा, कुंचल्यानं सगळं झाडायचं, मग वाटीभर भगर दळून ते पीठ गाईला घालायचं. त्यानंतरच उपवासाचा राजगिरा. धान्याचा कण राहिला तर उपवास मोडतो. या रीतीच्या भरवशावर कितीतरी मराठी घरं माझं पीठ डोळे मिटून न्यायची.

हे सगळं करायची भामा. ती जहीराबादकडची. नामदेवरावांचा मुलगा शशिकांत चड्डीत फिरायचा तेव्हापासून ती माझ्यापाशी उभी आहे. पट्टा घसरला की म्हणायची, "आज जेवली नाहीस का गं म्हातारे?" आणि वर एक चापट. मला ती चापट आवडायची, खोटं कशाला बोलू.

पुढे शशिकांत शिकला, मोठ्या काचेच्या ऑफिसात नोकरीला लागला, ती सोडून दुकानात आला. त्यानं माझ्या डोक्यावर कॅमेरा बसवला. सगळ्यांना दुकानाचं नाव छापलेले टी-शर्ट दिले. भामानं तो नऊवारीवर चढवला तेव्हा अख्खी गल्ली हसली, ती स्वतः सगळ्यात जास्त. उपवासाचं पीठ सीलबंद पाकिटांत जाऊ लागलं. पाकिटावर 'शुद्ध' असं ठळक छापलेलं. शिस्त हा शब्द शशिकांतला फार आवडायचा. वाईट माणूस नव्हता तो. पण शिस्त म्हणजे खालच्यांनी पाळायची आणि वरच्यांनी मोजायची गोष्ट, असं कुणीतरी त्याला शिकवलं होतं.

गेल्या शिवरात्रीच्या आदल्या दिवशी सकाळी एका हॉटेलची ज्वारी अचानक आली. भामानं ती दळली. पाठोपाठ शशिकांतची घाई, पाकिटं कधी होणार म्हणून. भामानं राजगिऱ्याचं पोतं फोडलं आणि थेट माझ्यात ओतलं. दगड उचलला नाही, कुंचला फिरवला नाही. चूक भामाचीच, त्यात मी शब्द फिरवणार नाही. माझ्या पोटातली ज्वारी राजगिऱ्यात मिसळत गेली आणि मला थांबता येईना.

पाकिटं सील झाल्यावर तिची नजर भगरीच्या वाटीकडे गेली. वाटी भरलेली होती. म्हणजे दगड झाडायचाही राहिला होता.

ती लपवू शकली असती. दोन्ही पिठं पांढुरकी, कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण ती सरळ शशिकांतकडे गेली आणि सांगून टाकलं.

"आणखी कुणाला बोललात?" शशिकांतनं विचारलं.

"नाही."

"मग बोलू नका. चिमूटभर ज्वारीनं काय होतंय?"

भामा परत माझ्यापाशी आली. तेवढ्यात सुशीलाबाई आल्या. महिला मंडळाची सगळी पाकिटं त्याच न्यायच्या. त्यांनी पिशवी उचलली आणि भामानं पिशवीवर हात ठेवला.

"काकू, हे उद्या खाऊ नका. यात ज्वारी गेलीय. माझ्या हातून."

सुशीलाबाई कडक बाई. भामाला चार शब्द सुनावले, शशिकांतला आठ. पाकिटं तिथंच टाकून निघून गेल्या.

शिवरात्र झाल्यावर चौकशी बसली. माझ्यासमोरच. शशिकांत खुर्चीवर, नामदेवराव पोत्यावर, भामा उभी. तिला बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही. शशिकांतनं आरोप सांगितले. एक, गिरणी साफ केली नाही. दुसरा, मालकांनी मना केलं असताना गिऱ्हाइकाला सांगून दुकानाची बदनामी केली. दुसरा सांगताना त्याचा आवाज चढला.

नामदेवरावांना भामाला वाचवायचं होतं. म्हातारं मन. ते हळूच म्हणाले, "अगं, गिरणी जुनी झालीय. दगडात जुनं पीठ अडकून राहतं, असं सांग ना. आपण हिला भंगारात देऊ, नवी आणू. तुझ्यावरचं टळेल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मित्रांनो, खरं सांगते, मला राग आला नाही. एका लोखंडाच्या बदल्यात तिचं काम राहत असेल तर राहू दे, असंच वाटलं.

भामानं मान हलवली. "नक्को मालक. गिरणी चांगली आहे. मी विसरले." मग शशिकांतकडे वळली. "शशीबाबू, विसरल्याची शिक्षा द्या. मी घेते. सांगितल्याची देऊ नका."

शशिकांतनं मोबाइल उचलला. त्यात बघतच म्हणाला, उद्यापासून येऊ नका. नामदेवराव काही बोलले नाहीत. तिला वाचवायची दुसरी युक्ती सुचली नसती तरी चाललं असतं, पण त्या वेळी तरी त्यांनी तोंड उघडायला हवं होतं. दुकान त्यांनी उभं केलं होतं. भामानं टी-शर्ट काढून त्याची घडी घातली, ती माझ्यावर ठेवली आणि गेली. आता ती सिकंदराबादला एका मेसमध्ये भाकऱ्या थापते म्हणतात.

तिच्या जागी दुकानात पाकिटं बांधणारा विकास आला. बायकापोरांचा माणूस, कामाला चोख. त्यानं भामाचा निवाडा बाजूला उभं राहून ऐकला होता.

परवा आषाढी एकादशीच्या तयारीत नेमकं तेच झालं. ज्वारी उतरली आणि घाईत राजगिरा वर पडला. विकासच्या लगेच लक्षात आलं. त्यानं मला बंद केलं. शशिकांतच्या टेबलाकडे पाहिलं. दोन पावलं गेलाही. मग थांबला, मागे आला, माझं बटण दाबलं. पाकिटं सील झाली आणि गेली. घराघरांत लोकांनी हात जोडून त्याच पिठाची थालीपिठं खाल्ली.

एकादशीच्या संध्याकाळी शशिकांत गल्लीत कुणाला तरी सांगत होता, भामा गेल्यापासून एकही चूक झालेली नाही.

मित्रांनो, तुम्ही उद्या कुठल्या ना कुठल्या दुकानाचे, ऑफिसचे मालक व्हाल. माझ्यासारख्या यंत्राला वेळेवर झाडापुसा, तेल द्या, एवढं तर मागतेच. पण तुमच्या दारात कुणी आपल्या पायानं आपली चूक सांगायला आला, तर आधी त्याला बसायला सांगा. त्याला उभं ठेवलंत, तर त्याच्या मागचा माणूस तुमच्या दारापर्यंत येणारच नाही. आणि मग तुमच्या ताटात काय पडलंय, ते फक्त माझ्यासारखीला माहीत असेल.