पाठीवर निजलेली पोर

"उठा आता, तोकुरासान. पाठीवर पोर झोपलंय असं समजा. त्याला जाग येता कामा नये," फुमिनोसान म्हणाल्या आणि त्यांनी म्हाताऱ्याच्या काखेत हात घातला.

तोकुरासान उठलेच नाहीत. न्हाणीघरातल्या स्टुलावर ओल्या अंगाने बसून ते त्यांच्याकडे बघत राहिले. मी टॉवेल धरून ताटकळत उभा.

"हे कुठून आणलंत तुम्ही?"

"काय आणायचंय त्यात? आई म्हणायची. आता उठा, गारठाल."

आमच्या वृद्धाश्रमात हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. अर्धांगाने लुळी पडलेली माणसं फुमिनोसाननी असं म्हटलं की हळूहळू का होईना, उभी राहतात. मी नुसतं "उठा" म्हटलं तर शिव्या घालतात. खरं तर मी इथला गाडीवाला, पण आंघोळीच्या दिवशी माणसं कमी पडतात म्हणून मला जुंपतात.

फुमिनोसान म्हणजे मोगामी गेंजोची मुलगी. अंगभर पांढरा रंग फासून, गुडघे वाकवून, मुंगीच्या गतीने चालण्याला नाच म्हणणारा तो बुतो-नाचवाला गेंजो. आमच्या अकिता प्रांतातल्या या आडगावाचं नाव परदेशात कुणाला माहीत असेल तर त्याच्यामुळे. दर उन्हाळ्यात त्याचे भक्त येतात, बांधावर बूट काढतात आणि भातखाचरात कंबर मोडल्यासारखे चालतात. माझी आजी जन्मभर तशीच चालली, तिच्यासाठी कुणी टाळी वाजवली नाही. फुमिनोसान त्यांच्या शेजारून सायकलवर जातात आणि मान वळवून बघतही नाहीत.

बघतील कशाला? त्या चार वर्षांच्या असताना गेंजो बायको-मुलीला टाकून टोकियोला गेला, तो परत आला राख होऊनच. आईने बंदरावर मासे साफ करून पोर वाढवली. पाहुणे तिला विचारायचे, गेंजोसान कसे होते हो? ती म्हणायची, "उंच होते." बस, एवढंच.

या शरद ऋतूत त्याचं तेहतिसावं श्राद्ध होतं. आमच्याकडे ते शेवटचं. त्यानंतर मेलेल्या माणसाचं वेगळं नाव राहत नाही. घरच्या देव्हाऱ्यातली त्याची नावाची पाटी मठात द्यायची आणि तो पितरांमध्ये मिसळून जातो. फुमिनोसान या दिवसाची वाटच बघत होत्या. मला म्हणाल्याही होत्या, "एकदा पाटी महाराजांच्या हातात ठेवली की सुटले मी." टोकियोच्या शिष्यांनी मठात नाचायची परवानगी मागितली, तर फोनवर त्यांनी सुनावलं, "नाचायचं तिथे नाचा. इथे फक्त घरचे."

तोकुरासाननाही तेच उत्तर मिळालं होतं. ते गेंजोचे सगळ्यात जुने शिष्य. ना बायको, ना मूलबाळ, सगळी जवानी त्या पांढऱ्या रंगात गेली. उजवी बाजू गेल्यावर मुलुखात मरावं म्हणून आमच्याकडे आले. एका कोपऱ्यात बसून उदबत्ती लावू द्या, एवढंच त्यांनी मागितलं होतं. फुमिनोसान त्यांना दर खेपेला मायेने आंघोळ घालत, पण बापाचा विषय निघाला की तोंड फिरवत.

त्या दिवशी मात्र तोकुरासाननी विषय सोडला नाही.

"तालमीत गुरुजी आम्हाला दिवस दिवस तसं चालवायचे," ते शब्द शोधत शोधत म्हणाले. "पाठीवर मुलगी झोपलीय. उठली तर तिला कळेल. तेवढंच एक वाक्य."

"काय कळेल?"

तोकुरासान डाव्या हाताने गुडघ्यावरचं पाणी निपटू लागले.

"आता अर्धवट ठेवू नका. काय कळेल?"

"की बाप निघालाय." त्यांनी मान खाली घातली. "शेतातून तुम्हाला पाठुंगळी घेऊन आले. बांधावरून, एकेक पाऊल. घरात निजवलं आणि तसेच स्टेशनवर गेले. एकदाच बोलले होते हे, दारू पिऊन. तो नाच म्हणजे तोच बांध आहे, फुमिनोसान. दुसरं काही नाही त्यात."

मला वाटलं, आता या रडतील. पण फुमिनोसान हसल्या.

"म्हणजे माझ्या बापाचं पळून जाणं जगभर नाचतायत लोक! तिकीट काढून बघतात वर! आणि आई मला तेच सांगायची. तिने बघितलं असणार. दारात उभं राहून बघितलं असणार तिने."

त्यांनी माझ्या हातातला टॉवेल ओढून घेतला आणि म्हाताऱ्याचं डोकं खसाखसा पुसलं.

पुढचे काही दिवस त्या कामापुरतं बोलल्या. मग एकदा गाडीपाशी येऊन म्हणाल्या, "नारितासान, रविवारी मठात यायचंय. तोकुरासानना पण घ्या."

"घरचेच ना फक्त?" मी चिडवलं.

"मग? ते काय भाडेकरू आहेत?"

घरचे म्हणजे फुमिनोसान, त्यांचे यजमान आणि एक ठार बहिरे मामा. मंत्र झाले, उदबत्तीची वेळ आली. मठाच्या चटयांवर चाकांची खुर्ची न्यायची नसते, म्हणून मी खाली बसलो आणि तोकुरासानना पाठुंगळी घेतलं. अंगात काही उरलंच नव्हतं त्यांच्या.

"नारितासान, गुडघे वाकवा," ते कानाशी म्हणाले. "आपटाल मला."

"आता मलाही शिष्य करा तुम्ही!"

पण वाकवले. मोजे गुळगुळीत, चटया त्याहून गुळगुळीत. मी जमिनीला पाय घासत, श्वास धरून निघालो. उगीच माझी पाठसुद्धा सांभाळून वागायला लागली. वाटेत तोकुरासाननी माझ्या खांद्यावर गाल टेकला, आणि खरं सांगतो, ज्या चालीला मी जन्मभर हसलो ती चालताना मला रडू फुटलं.

उदबत्ती लावून वळलो तर फुमिनोसान आपल्या जागी उभ्या होत्या. जाणाऱ्या माणसाला हाक मारायला उठावं तशा. ओठ उघडे, हाक काही फुटलेली नाही. मी बघतोय हे लक्षात आल्यावर त्या खाली बसल्या.

मग महाराजांनी पाटीसाठी दोन्ही हात पुढे केले.

फुमिनोसाननी पाटी छातीशी धरली. "नाही देत."

"अहो, यानंतर श्राद्ध नसतं. हे शेवटचं."

"तुमच्या हिशेबाने असेल. तेव्हा मी झोपले होते, महाराज. मला आत्ता जाग आलीय. अजून खूप भांडायचंय मला बापाशी."

महाराजांनी आयुष्यात असं ऐकलं नसावं. त्यांनी हात मागे घेतले आणि सगळ्यांना जेवायला चला म्हणाले.

"काय झालं?" बहिऱ्या मामांनी मला विचारलं.

"ठेवून घेतलं!" मी त्यांच्या कानात ओरडलो.

"कुणाला?"

"गेंजोसानना!"

मामांनी जरा विचार केला. "मग एक ताट वाढवा," ते म्हणाले.

वाढलं. फुमिनोसाननी पाटी आपल्या शेजारी ठेवली, तिच्यापुढे ताट सरकवलं. वाफाळत्या सारावरचं झाकण काढलं, भाताशेजारी धुरी दिलेल्या मुळ्याच्या लोणच्याच्या दोन फोडी ठेवल्या आणि जेवायच्या काड्या पाटीकडे वळवल्या. तोकुरासान डाव्या हाताने डोळे पुसत होते.

"खा," फुमिनोसान पाटीला म्हणाल्या, आमच्या म्हाताऱ्यांना दटावतात त्याच आवाजात. "आणि जेवल्याशिवाय उठायचं नाही."