लेकीच्या घरचा घास

दानम्मा दोन वर्षं लेकीच्या घरी पोटभर जेवली, कारण हे घर लेकीचं आहे हे तिला ठाऊकच नव्हतं.

ती शिवकन्याला आपली थोरली बहीण समजायची. ही नीलम्मा अक्का उदगीरकडची, जाऊन कैक वर्षं झालेली. "अक्का, भूक लागली गं," म्हणत दानम्मा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसायची आणि शिवकन्या मुकाट्याने ताट वाढायची. सुरुवातीला तिला हे फार लागलं. आईने पोटच्या पोरीला ओळखू नये आणि मेलेल्या मावशीच्या नावाने हाक मारावी, हे कुणाला लागणार नाही? पण म्हातारी खात होती, झोपत होती, अंगावर जरा मांस धरत होती. मग शिवकन्याने रडणं सोडलं आणि ती अक्का झाली.

तिचं घर नांदेडला, सिडकोत, दोन खोल्यांचं. नवरा व्यंकट एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेला. बोलायला कंजूष, पण सासूला रोज संध्याकाळी हाताला धरून गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणायचा. सासू त्याला कधी मास्तर म्हणायची, कधी कंडक्टर. तो दोन्हीला हो म्हणायचा.

दानम्माला इथे आणलं ते एका दिवाळीत. शिवकन्या भाऊबीजेला माहेरी गेली होती, अहमदपूरजवळच्या गावी. भाऊ वैजनाथने ओवाळून घेतलं, पाकीट दिलं, फराळ झाला, आणि माय कुठं दिसेना. माय घरामागच्या खताच्या खोलीत होती. बाहेरून कडी. आत युरियाच्या पोत्यांशेजारी बाज, आणि बाजेवर ओल्या लुगड्यात बसलेली आई.

"भाईर सोडली की हरवती हो ताई," भावजय वर्षाराणी म्हणाली. "दोनदा हायवेवर सापडली. कडी न्हाई लावली तर काय करावं, तुम्हीच सांगा."

हरवत होती हे खोटं नव्हतं. पण त्यासाठी खताची खोली? शिवकन्याने तिथल्या तिथे आईला अंघोळ घातली, आपल्या पिशवीतली साडी नेसवली आणि दुपारच्या गाडीने नांदेडला घेऊन आली. वैजनाथ स्टँडवर सोडायला आला. त्याने तिकीट काढलं, पाण्याची बाटली घेऊन दिली. डोक्यावरचं ओझं उतरल्याचं त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं, आणि ते लपवावं एवढंही त्याला वाटलं नाही.

त्यानंतर दोन वर्षं भावाचा फोन सणासुदीला. माय कशी हाय? बरी हाय. बरं मग, ठेवतो.

मग गावाजवळचा हायवे रुंद झाला. गावाबाहेर बापाने बायकोच्या नावावर ठेवलेला चार एकरांचा तुकडा होता. त्यात आजवर तुरीशिवाय काही आलं नव्हतं. आता तो एकदम रस्त्याला लागला आणि प्लॉटिंगवाले वैजनाथच्या ओसरीत चहा प्यायला लागले. बाकीच्या जमिनीवर शिवकन्याने बापाच्या तेराव्यानंतरच हक्कसोड करून दिलं होतं. एक साडी, नवऱ्याला टॉवेल-टोपी, आणि भाऊ म्हणाला होता, "माहेर तुटू देणार न्हाई ताई." तेव्हा तिला हक्कसोड म्हणजे मोठेपणा वाटला होता.

पण हा तुकडा आईच्या नावावर होता. एक दिवस वैजनाथ सफरचंदं घेऊन नांदेडला आला, आईच्या पाया पडला, आणि "दोन दिस घरी नेतो" म्हणून तिला घेऊन गेला. नेलं ते थेट रजिस्ट्री ऑफिसात. साहेबाने नाव विचारलं तर दानम्मा त्यालाच म्हणाली, "जेवून जावा की, लांबून आलाव." साहेबाने कागद बाजूला सारला आणि सांगितलं, बाईला समजत नाही, आधी कोर्टातून पालक नेमून आणा. वैजनाथने दुसऱ्याच दिवशी आईला परत आणून सोडलं आणि लातूरला कोर्टात अर्ज टाकला.

नोटीस व्यंकटने मोठ्याने वाचली. आईची देखभाल आणि मालमत्ता या दोन्हींसाठी मुलाला पालक नेमावं. बहिणीने मालमत्तेच्या लोभाने आईला मुलापासून तोडून स्वतःच्या ताब्यात ठेवलं आहे.

"लोभानं," शिवकन्या म्हणाली. दोन वर्षं तिने आईचं गू-मूत काढलं होतं. तिने भांडं इतक्या जोरात आदळलं की दानम्मा दचकून उठली. "अक्का, कुणावर रागावलीस गं?"

"कुणावर न्हाई. झोप तू."

वकील मिळाले संघपाल वाघमारे. तरुण, तळमळीचे, शब्दाला जागणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खताच्या खोलीची गोष्ट दोनदा सांगायला लावली, आणि विचारलं, "ताई, तुम्हाला काय पाहिजे? जमीन?"

"जमीन त्यानं खावी. मला माय पाहिजे. ती पुन्हा त्या खोलीत गेली की महिनाभरबी टिकायची न्हाई."

"मग एक गोष्ट लक्षात घ्या. जज मॅडम आईंशी स्वतः बोलणार. समोरचा वकील म्हणणार, जी बाई लेकीला ओळखतच नाही तिला लेकीकडं सुख आहे हे ठरवायचं कसं? आईंनी तुम्हाला बघून एवढंच म्हटलं पाहिजे, ही माझी मुलगी. बस. निम्मी केस तिथंच जिंकली."

"ती मला अक्का म्हणती साहेब."

"शिकवा. लहान लेकराला शिकवतो तसं रोज शिकवा."

शिवकन्याने शिकवायला घेतलं. सकाळी वेणी घालताना, दुपारी निवडायला बसल्यावर, एकच धडा. माय, मी कोण? अक्का. अक्का न्हाई, मी तुझी लेक. शिवकन्या. नागपंचमीला झाली बघ, तू माहेरी होतीस. बापानं बैलगाडी पाठवली होती. दानम्मा ऐकायची, हसायची, आणि पुन्हा अक्का म्हणायची. शिवकन्याने लग्नातला फोटो काढून उशाशी ठेवला. लहानपणी आई म्हणायची ती जात्यावरची ओवी म्हणून दाखवली. चिडली, हात आपटले, मग स्वतःच्याच तोंडात मारून घेतली. पुन्हा बसली.

आणि एका दुपारी दानम्माने तिचा हात धरला. नीट बघितलं. "शिवकन्या? किती वाळलीस गं माय. सासरी खायला देत न्हाईत का?"

शिवकन्या लहान पोरीसारखी रडली. व्यंकटने दुकानातून पेढे आणले. आई परत आली होती. कोर्टबिर्ट त्या घटकेला तिच्या डोक्यातही नव्हतं.

संध्याकाळी तिने ताट वाढलं. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करलेली, वर साखर. दानम्माने ताट हलकेच पुढे सरकवलं.

"राहू दे माय. लेकीच्या घरचं खात असतेत व्हय? लोक थुंकतेल तोंडावर. वैजूला निरोप धाड, मला न्यायला ये म्हणावं."

सगळं विसरलेल्या बाईला हे तेवढं आठवत होतं. नवऱ्याचं नाव गेलं, गावाचं नाव गेलं, लेक देऊन टाकली की तिच्या दारचं पाणी घोटभरच प्यायचं हे मात्र हाडात मुरलेलं. शिवकन्याने समजावलं, रागावली, घास तोंडाशी नेला. दानम्माने तोंड घट्ट मिटलं. सकाळी उठली ती पुन्हा "अक्का, भूक लागली" म्हणत, आणि दोन भाकरी खाल्ल्या.

पुढचे दिवस हे असेच. लेक म्हणून ओळखलं की उपास. अक्का म्हटलं की जेवण. शिकवणी जसजशी पक्की होत गेली तसतशी ताटं परत यायला लागली आणि दानम्माच्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या.

शिवकन्याने वकिलांना फोनवर सांगून पाहिलं. ते हसले. "ताई, आता कोण पाळतं हे? आमची माय किनवटला बहिणीकडंच राहते, जावयाला वर भाजी आणायला सांगते. तारीख आठ दिवसांवर आली. तेवढं ओळखू द्या, मग खाईल."

व्यंकट मात्र म्हणाला, "सोड शिकवायचं. खाऊ दे तिला."

"आन् कोर्टात अक्का म्हणली तर? तो नेईल तिला."

व्यंकट उठला आणि सासूला फिरवायला घेऊन गेला. शिवकन्याने शिकवणी सोडली नाही.

लातूरच्या कोर्टात मॅडमनी दानम्माला चेंबरमध्ये बसवून घेतलं. पाणी दिलं. दोन्हीकडचे वकील भिंतीला, वैजनाथ इस्त्रीच्या शर्टात एका बाजूला, शिवकन्या दुसऱ्या. मॅडम चांगल्या होत्या. आवाज मऊ, घाई नाही. तेच वाईट झालं. कुणी खेकसलं असतं तर म्हातारी घाबरून अक्काच्या पदरामागे लपली असती.

"आजी, नाव काय तुमचं?"

"दानम्मा."

"ह्या कोण?"

दानम्माने वळून बघितलं.

"माझी लेक की. शिवकन्या. नागपंचमीची हाय."

संघपाल वकिलांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. पुढे काय येणार हे मात्र त्या खोलीत शिवकन्याला एकटीलाच माहीत होतं.

"कुठं राहता आजी?"

"गावी. पोराकडं. दुसरं कुठं राहावं?"

"पण आता तर मुलीकडे आहात ना?"

"आल्ते चार दिस. बास झालं आता." दानम्मा पुढे झुकली, एका बाईने दुसऱ्या बाईला सांगावं तशी. "तुम्हीच सांगा बाईसाहेब, लेकीच्या घरी किती दिस पडून राहावं? मी जेवतबी न्हाई तिथं. वैजूला म्हणावं मला घरला न्हे."

"जेवत नाही?"

"कशी जेवू?"

वैजनाथचा वकील पुढे सरसावला. मॅडम, हाताकडे बघा. वजन बघा. ह्याच त्या लोभाच्या खुणा. शिवकन्या बोलायला उठली, "मॅडम, ती मला अक्का म्हणली की खाती," असं म्हणाली, आणि स्वतःच्याच कानांना ते खुळचटपणाचं वाटलं. आईने आपल्याला ओळखू नये म्हणजे ती जगेल, हे कोर्टाला कोणत्या तोंडाने सांगायचं? महिनाभर उलटंच तर शिकवत बसली होती ती.

वैजनाथ त्या वेळी रडला. खरंच रडला. "माय माझ्याकडंच येते म्हणायली," म्हणाला. शिवकन्याला त्याचा गळा दाबावासा वाटला, आणि त्याचे डोळे अगदी लहानपणीसारखे लाल झालेले बघून आणखीच राग आला.

पुढच्या तारखेला हुकूम झाला. खताच्या खोलीला मुलीच्या शब्दापलीकडे पुरावा नाही. बाईंना बऱ्याच गोष्टी आठवत नसल्या तरी त्या मुलीला ओळखतात, आपली इच्छा स्पष्ट सांगतात, त्या इच्छेचा मान राखला पाहिजे. मुलगा पालक. मुलीला महिन्यातून एकदा भेटता येईल. जमीन विकायची तर आईच्या भल्यासाठी, कोर्टाला विचारून. तो विचारण्याचा अर्ज वैजनाथच्या वकिलाच्या फायलीत टाइप करून तयारच होता.

संघपाल वकील पायऱ्यांवर म्हणाले, "अपील करू ताई." त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

वैजनाथने गाडी लिंबाखाली लावली होती. पुढे वर्षाराणी. दानम्माला मागे बसवून त्याने दार लावलं. शिवकन्या काचेपाशी गेली. हातात डबा होता. सकाळी केलेला, नेहमीच्या सवयीने, कुणी खाणार नाही हे ठाऊक असून.

दानम्माने तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तोंडभर हसली.

"अक्का! तू न्हाई बसत गाडीत? मला भूक लागली गं."

शिवकन्याने डबा उघडला. खिडकीतून हात आत घालून भाकरीचा घास दिला. दानम्माने खाल्ला. दुसरा दिला, तोही खाल्ला, आणि तिसऱ्यासाठी चिमणीसारखा आ केला.

"चला ताई, उशीर व्हायलाय," वैजनाथ म्हणाला, आणि त्याने गाडी सुरू केली.

"अक्का, ये लवकर," दानम्मा घास चावत म्हणाली.

"हाव," शिवकन्या म्हणाली. "तू हो पुढं. मी आलेच."

गाडी फाटकातून बाहेर पडून अहमदपूरच्या रस्त्याला लागली. शिवकन्याने डब्याला झाकण लावलं आणि नांदेडची गाडी धरायला ती स्टँडकडे निघाली.