भिकुबाईने रोट खाल्ला

भिकुबाईने रोट खाल्ला तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं, ललित सुटला.

ललित माझा मुलगा. दोन वर्षांपासून धुळ्याच्या तुरुंगात आहे. त्याने नवलला मारलं. नवल माझ्या चुलतभावाचा, पंडितचा मुलगा, आणि भिकुबाई नवलची आई. म्हणजे मारणारा आमचा आणि मेला तोही आमचाच. अशा वेळी कोणासाठी रडायचं ते ठरत नाही, म्हणून मी रडलोच नाही. गावात म्हणतात, शालिग्रामआबा घट्ट माणूस. घट्ट कसला? आत काही हलतच नाही.

भांडण कशावरून, तर बॅनरवरून. ललितचा तेविसावा वाढदिवस. आमच्या शिरपूरकडच्या गावांमध्ये हल्ली वाढदिवस घरात होत नाही, चौकात होतो. वर मोठा गॉगलवाला फोटो, खाली शुभेच्छुकांच्या रांगा. नवलचा फोटो तिसऱ्या रांगेत गेला. घरचा भाऊ असून तिसऱ्या रांगेत. सकाळी अकरा वाजता नवल आला आणि त्याने बॅनर टराटरा फाडला. ललितने चौकटीचा लोखंडी पाइप उपसला. पहिला फटका खांद्यावर, दुसरा डोक्यात. एवढंच. एका फोटोसाठी दोन घरं बसली. हे कोणाला सांगायलाही लाज वाटते.

आणि हे काही अचानक आभाळातून पडलं नाही. त्याच्या आदल्या वर्षी ललितने तलवारीने केक कापून व्हिडिओ टाकला होता. पोलिसांनी उचललं. मी आणि पंडित दोघं ठाण्यात गेलो. पंडितच जास्त बोलला, पोरगा गुणी आहे, मी हमी देतो म्हणाला. साहेब म्हणाले, "घेऊन जा. पण घरी गेल्यावर बाप म्हणून एकदा बसून बोला त्याच्याशी." मी हो म्हणालो. घरी जाऊन जेवलो आणि झोपलो. तो व्हिडिओ माझ्या मोबाइलमध्ये होता. जिनिंगवर कापूस घेऊन गेलो की मी तो लोकांना दाखवायचो.

मारताना पाहणारी दोनच माणसं. नळावर भिकुबाई आणि चौकासमोरच्या माझ्या ओट्यावर मी. बाकीचे ओरडा ऐकून आले. पोलिसांना मी सांगितलं, मी केळीला पाणी देत होतो. त्यांनी ते लिहून घेतलं. मग साक्षीदार उरली एकटी भिकुबाई. तिने कोर्टात तोंड उघडलं नाही, तर ललित घरी येणार होता.

कानबाई ही आमची खानदेशातली देवी, श्रावणात घरी बसवतात; पहिल्या वर्षी सुतकामुळे बसवली नाही. या श्रावणात तोतारामनानांनी ठरवलं, आता बसवायची. नाना आमच्या भाऊबंदकीत सर्वांत वडील. रोटाचे गहू आमच्यात माणसागणिक घेतात, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. ते दळून देवीच्या नैवेद्याची जाड पोळी होते, तो रोट; तो फक्त भाऊबंदांनी खायचा, बाहेरच्याला कणही द्यायचा नाही. आणि ज्यांनी एका ताटात रोट खाल्ला त्यांचं भांडण मिटलं, असं आम्ही धरतो. बांधाची, विहिरीची, सोयरिकीची भांडणं अशीच मिटली आहेत. नानांना वाटलं, हेही मिटेल. मलाही वाटलं. सुशिक्षित माणसाला हे खुळेपणाचं वाटेल, पण आमच्यात कोणालाच तसं वाटलं नाही.

नाना नावं घेत मुठी टाकत होते. पंडितची मूठ टाकली. पुढे नवलचं नाव यायचं, तिथे ते थांबले आणि पुढे गेले. माझी टाकली. मग त्यांनी मान न वळवता विचारलं, "ललितनी मूठ टाकू का?"

घरात सगळ्या बायका होत्या. भिकुबाई जात्याशी बसली होती.

"टाका," ती म्हणाली.

माझी बायको रूपा हुंदका दाबत आत गेली. रविवारी दोघींना एका ताटात बसवलं. भिकुबाईने रोटाचा तुकडा मोडला, दुधात बुडवला आणि खाल्ला. पुन्हा मोडला, पुन्हा खाल्ला. ताट स्वच्छ केलं. बाहेर नाना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "व्हयनं रे भाऊ. बठ्ठं मिटनं." रूपाने त्याच आठवड्यात ललितची खोली झाडून घेतली, गादीला ऊन दाखवलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी गादी उचलू लागलो, तेवढंच.

भाद्रपदात तारीख लागली. सकाळच्या गाडीने आम्ही सगळेच धुळ्याला निघालो. भिकुबाई आणि पंडित पुढच्या सीटवर, आम्ही मागे. सोनगीरला गाडी थांबली तेव्हा रूपाने पुढे पाण्याची बाटली दिली आणि भिकुबाईने ती घेतली. आमच्या वकिलांना मी हे उतरल्या उतरल्या सांगितलं. तेही खूश झाले.

सरकारी वकिलांनी विचारलं, काय पाहिलं. भिकुबाईने सगळं सांगितलं. बॅनर, पाइप, खांदा, डोकं. काही गाळलं नाही, काही वाढवलं नाही. ती अहिराणीत सांगत होती आणि टाइप करणारी बाई ते शुद्ध मराठीत घेत होती. रूपाने माझा हात धरला. तिचा हात गार होता. माझाही असेल.

आमचे वकील उठले. "या श्रावणात आरोपीच्या आईबरोबर एका ताटात रोट खाल्लात ना?"

"खादा."

"म्हणजे तुमचं आपसांत मिटलं आहे."

"आमनं वैर नही. रोट कानबाईना शे, तिना करता खादा. त्यामां ललितनी बी मूठ शे. पन जे देखं ते देखं."

नाना बाकावर बसले होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. चाळीस वर्षं भांडणं मिटवली माणसाने, आणि देवीचा रोट म्हणजे तोंडाला कुलूप नव्हे, हे त्यांना त्या दिवशी कळलं. मलाही.

वकिलांनी मग घाईत एक प्रश्न टाकला, जो टाकायला नको होता. "तुमच्याशिवाय हे कोणीच पाहिलं नाही. बरोबर?"

भिकुबाईची मान माझ्या बाजूला वळली. मी तिचा जेठ. आमच्यात धाकट्या भावाची बायको जेठाशी बोलत नाही. लग्न होऊन ती आली त्याला सत्तावीस वर्षं झाली, काही सांगायचं असलं की ती रूपाला सांगायची, रूपा नसली तर भिंतीला सांगायची. तिचा पूर्ण चेहरा मी कधी पाहिला नव्हता. कोर्टातही तिचा पदर नाकापर्यंत होता. तिने तो मागे घेतला आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.

"तुमी ओटावर उभा व्हतात," ती म्हणाली. "मनाकडे तुमनी पाठ व्हती. पहिला फटका बसना तधळ ललितनी तुमनाकडे देखं. तो थांबना व्हता. तुमी काहीच बोलनात नही. एक हाक मारतात ते मना पोऱ्या वाची जाता."

न्यायाधीश साहेबांनी तिला साक्षीदाराने कोर्टाकडे पाहून बोलायचं असतं, असं सांगितलं. तिने मान हलवली. पदर मात्र पुन्हा ओढला नाही.

वकील हरकत घेत होते. पंडित खाली बघत होता. ललित पिंजऱ्यात दोन्ही हातांनी गज धरून उभा होता आणि माझ्याकडे बघत होता. आता बाप काय करतो, याची तो वाट बघत होता. मी नुसती मान नाही म्हणून हलवली असती तरी चाललं असतं. मी शेतात होतो, हे कागदावर होतं.

मी उभा राहिलो. मला उभं राहायचं होतं असंही नाही.

"कोण तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

"आरोपीचा बाप."

"बसा खाली. तुमची वेळ आली की बोलावू."

"साहेब, ती खरं सांगते. त्याने माझ्याकडे पाहिलं होतं. पण तिला माझी पाठ दिसत होती. तोंड दिसत नव्हतं."

रूपा माझा सदरा ओढत होती.

"मी हसलो होतो, साहेब. माझा पोरगा वरचढ ठरला म्हणून मला बरं वाटलं होतं."