केवळामावशींचा कंप

या, जरा सरकून जवळ बसा. देवणीच्या सप्ताहात यंदा काय झालं ते सांगतो. मी टाळकरी, मावशींच्या मागं दोन हातांवरच उभा होतो, तेव्हा ऐकीव यात काहीच नाही.

मुखेडच्या केवळामावशी कीर्तनाला उभ्या राहिल्या की पान खायला बाहेर गेलेली माणसंसुद्धा पळत आत येतात! यंदा त्यांनी देवापुढं चहा सोडलेला. पण घरी आलेल्या कीर्तनकाराला रिकामं कोण पाठवतं? "कॉफी घ्या की माय, कॉफीला कुठं बंदी हाय!" मुक्काम दानम्माकाकूंकडं. काकूंचं माहेर कर्नाटकातल्या बिदरचं, त्यामुळं कॉफी लई कडक, दूध नावाला.

चौथ्या दिवसापासून मावशींची झोप उडाली. सहाव्या दिवशी दुपारी अभंग धरला आणि हातातली चिपळी थरथरायला लागली. कपाळावर घाम, छातीत धडधड. मावशी गहिवरून म्हणाल्या, "मायबाप हो, देव अंगाला हात लावून राहिला!"

बस्स! सगळा मांडव उठला. पाया पडायला रांग लागली. मीही पडलो, खोटं कशाला सांगू?

दानम्माकाकूंची सून मंजुषा डॉक्टर. तिनं मावशींना दवाखान्यात नेलं, सोबत मीही गेलो. तिनं नाडी धरली, हृदयाची पट्टी काढली.

"मावशी, दिवसाला कॉफी किती?"

"मोजून पितात का ती?"

"आठ-नऊ कप तरी," मी म्हणालो.

"तुम्ही टाळ वाजवा वो!" मावशी माझ्यावर खेकसल्या.

मंजुषा हसली. "हृदय ठणठणीत आहे. दोन-तीन कप बहुतेकांना सोसतात. इतकी प्याल तर हात कापणार, छाती धडधडणार, झोप जाणार. पण एकदम तोडू नका, डोकं धरेल. हळूहळू कमी करा."

मावशींचा चेहरा उतरला. "म्हंजे तो देव नव्हता? पोरी, उद्या काल्याचं कीर्तन. लोक तोच कंप बघायला येणार. खरं सांगावं तर हसं होईल, अन् नारदाच्या गादीवरून खोटं कसं बोलू?"

दुसऱ्या दिवशी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. मावशी सकाळपासून निम्मीच कॉफी पिऊन उभ्या राहिल्या, चिपळी अगदी स्थिर. पुढं बसलेले शिवशंकरअप्पा ओरडले, "माय, आज कंप न्हाई का?"

मावशींनी चिपळी खाली केली.

"अप्पा, कालचा कंप दानम्माच्या पातेल्यातला होता! चहा सोडून कॉफी धरली, देवाला फसवायला गेले. छातीनंच पकडून दिलं बघा!"

आधी दानम्माकाकूच खदखदून हसल्या, अन् त्यांच्या मागं सगळा गाव!

त्या हसण्यातच मावशींनी गौळण उचलली. असा मोकळा आवाज मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता! अंगावर सर्रकन काटा आला, टाळ हातातच राहिला. अन् सकाळपासून माझ्या पोटात कोमट पाण्याखेरीज काही नव्हतं, बरं का!

कुणी चौथा कप पुढं केला, तर माझ्या केवळामावशींची तेवढी आठवण काढा.