लाल झाकणाचा डबा

"आज दोन हायत गं पोरी." सातारा स्टँडवर कंडक्टर भाऊसोंनी एसटीतून दोन डबे स्वप्नालीच्या हातात दिले. "लाल झाकणाचा तुझ्या मैतरणीचा. आईनं लय बजावलंय. तीनला गाडी सुटंल, तवर रिकामं आणून दे."

मैत्रीण कुठली असायला! कवठे महांकाळहून या भल्यामोठ्या विद्यापीठात येऊन चार महिने झाले, पण तिला कुणी कुत्रं विचारत नव्हतं. हजेरीसुद्धा यंत्रावर अंगठा लावून व्हायची, त्यामुळे तिचं नावही कुणाच्या तोंडून निघत नसे. गावी शेजारणीच्या कोंबड्यांनाही नावं होती.

"संगं जेवाया कोण हाय का गं?" आई रोज फोनवर विचारायची. तिला घोर लागू नये म्हणून पोरीनं एकदा ठोकून दिलं, संयोगिता आहे. पुढच्या बाकावरच्या मुलीचं नाव. खोटं बोलायचं तर रेटून बोलावं लागतं, मग संयोगिताला शेंगांची पोळी आवडायला लागली. आणि आज आईनं, लीलाबाईंनी, पहाटे उठून तिच्यासाठी पोळ्या लाटल्या होत्या.

एकदाचं खोट्याचं खरं करून टाकू, म्हणून स्वप्नाली कँटीनमध्ये गेली. संयोगिता मैत्रिणींच्या घोळक्यात बसली होती.

"तुझ्यासाठी. माझ्या आईनं केल्यात."

"माझ्यासाठी?" संयोगिता गोंधळली. "सॉरी हं, तू आपल्याच वर्गात आहेस का?"

"तुझ्या मागंच बसते."

"हो का! थँक्यू गं, पण आमचं झालं जेवण. तूच खा ना."

मुलगी वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, निदान राग तरी धरता आला असता.

स्वप्नाली स्टँडवर परत आली. बाकावर बसून तिनं आपला डबा संपवला आणि लाल झाकण उघडलं. आईच्या हातचं टाकवेना. पोट भरलं होतं, डोळे वाहत होते, तरी ती एकेक पोळी खात राहिली. शेजारची बाई उठून पलीकडे जाऊन बसली.

दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये, अशी त्यांच्याकडची रीत. नळावर डबे धुऊन तिनं समोरच्या दुकानातून साखर आणली, लाल डब्यात मूठभर घातली आणि दोन्ही डबे भाऊसोंकडे दिले.

संध्याकाळी आईचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"वळणाची पोरगी हाय गं. साखर घालून धाडलाय डबा. पोळ्या आवडल्या का तिला?"

"लय. खाताना रडली."

"का गं? आई न्हाई का तिला?"

"हाय. लांब हाय."

"आगं बाई! मग तिला एकटी सोडू नगंस हां."

"न्हाई सोडत," स्वप्नाली म्हणाली.