जानूचा डिस्ट्रिक्ट रद्द झाला

विलायतेहून परतलेला खलाशी खंडू आवडाबाईच्या ओसरीवर टेकला आणि चहाचा घोट घेता घेता म्हणाला, "काकी, तुझा जानू तिकडे ज्या डिस्ट्रिक्टात गोदीवर कामाला राहिलाय ना, तो डिस्ट्रिक्टच तिथल्या सरकारने यंदा रद्द केला."

आवडाबाईच्या हातातला बांगडा विळीवर तसाच राहिला. तिच्या माहेरची वाडी खाडीने गिळली, तेव्हा सरकारने त्या वाडीचं नावही कागदावरून असंच रद्द केलं होतं. आधी पाणी येतं, मग कारकून येतो, एवढं तिला ठाऊक होतं. आणि जानू तर तिचा एकुलता एक.

"समुद्राने नेला?" तिने विचारलं.

खंडू दचकला. "अगो काकी, समुद्र कुठला! तिथला डिस्ट्रिक्ट आपल्या तालुक्याएवढासुद्धा नाही. दहाबारा गावं, एक नदी आणि रस्ते, गटारं, दिवे बघणारी एक कचेरी. ती कचेरी शेजारच्या कचेरीत मिसळली. गावं जागच्या जागी आहेत. जानूची खोली तर आंजर्ल्याच्या गणपतीसारखी उंच टेकडीवर. निघताना मी तिथेच जेवलो."

"म्हणजे कचेरी बुडाली, माझा जानू नाही?"

"नाही गो."

"मग ते आधी सांगायचं, मेल्या! जीव घेतलास माझा." पदराने डोळे पुसून तिने बांगडा पुन्हा विळीला लावला. "आता जेवूनच जा. आणि जानूला कळव, नवी कचेरी त्याच्या टेकडीवर दिवे लावत नसेल, तर तिच्या दारात जाऊन ओरड म्हणावं. आवाज माझाच आहे त्याला."